कुणाच्या हातचं पाणी

“कुलूप काढा, मास्तर.”

“पंचांनी ठरवलंय, शलोमी. माझ्या हातात काही नाही.”

“किल्ली तुमच्या खिशात, आणि म्हणे माझ्या हातात काही नाही!”

शिलास मास्तर कबरस्तानाच्या लोखंडी फाटकाला पाठ टेकून उभे होते. एप्रिलचं ऊन, भर दुपार. रस्त्याकडेच्या बाभळीला सावली अशी नव्हतीच. तिच्याखाली दोन बाकांवर माझ्या आईची शवपेटी ठेवलेली आणि भोवती आमची सगळी मंडळी. फाटकातून आत पाहिलं की डाव्या हाताला माझ्या वडिलांची कबर दिसत होती. तिच्या शेजारी आमच्या माणसांनी सकाळी खड्डा खणून ठेवला होता. खणून झाल्यावर ती माणसं पाणी प्यायला घरी आली, तेवढ्यात मास्तरांनी फाटकाला कुलूप घातलं.

“बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला आत जागा नाही,” मास्तर म्हणाले. “ओढ्याकडेला गायरान आहे, तिथे न्या. पाळक येतील, प्रार्थना करतील. आम्ही काय माणुसकी सोडली नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावात माझी पिठाची गिरणी होती. दिवसभर पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे माझं साधं बोलणंही लोकांना भांडण वाटायचं. त्या दिवशी मात्र ते भांडणच होतं.

“माझ्या आईचा बाप्तिस्मा झालाय! तुम्ही पहिल्या रांगेत बसून बघितलाय!”

“तो त्या माणसाच्या हातचा. तो धरला जात नाही.”

त्या माणसाचं सांगते. त्याचं नाव घोडके. सात-आठ वर्षं तो आमच्या मंडळीचा पाळक होता आणि आम्ही सगळे त्याला साहेब म्हणायचो. बोलायला उभा राहिला की म्हातारी माणसं काठ्या विसरून घरी जायची, असा त्याचा गळा आणि अशी त्याची वाणी. गावाने त्याला डोक्यावर घेतलं आणि घेणाऱ्यांत सगळ्यांत पुढे शिलास मास्तर. मास्तरांच्या बैठकीत येशूचं चित्र होतं, त्याच्या शेजारी तेवढ्याच चौकटीत साहेबांचा फोटो. आजारी माणूस डॉक्टरची गोळीसुद्धा आधी साहेबांच्या हाताला लावून मग गिळायचा. एक बाई तर प्रार्थना करताना म्हणाली, ‘हे घोडके साहेबांच्या देवा.’ मी माझ्या कानांनी ऐकलंय. कुणी तिला टोकलं नाही, उलट ‘आमेन’ म्हणाले.

माझी आई, साळूबाई, गावची सुईण. वडिलांनी आणि आम्ही भावंडांनी फार पूर्वी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हिने घेतला नाही. वडिलांना म्हणाली, “मला पटलं की घेईन. तुमच्या मागे शेपटीसारखी येणार नाही.” त्यानंतर वर्षानुवर्षं ती दर रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये यायची, मागच्या चटईवर बसून सगळं ऐकायची आणि प्रभुभोजनाची भाकर फिरायला लागली की हात पदराखाली घ्यायची. तीन पाळक तिला समजावून थकले. वडील गेले, तरी ती तशीच. आणि सत्तरीला टेकल्यावर एक दिवस गिरणीत येऊन म्हणाली, “शलू, मला पाणी घ्यायचंय.”

झालं! मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. रविवारी देवळात उभे राहून ते म्हणाले, “तीन पाळकांना जे जमलं नाही, ते आमच्या साहेबांनी करून दाखवलं!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला वाटलं, लाजतेय.

पुढे वर्षही झालं नाही आणि साहेबाचं बिंग फुटलं. कॅनॉलच्या कॉलनीत त्याचं दुसरं घर होतं. दुसरी बाई, तिच्यापासून एक मूल. हे दुसऱ्या कुणी नाही, त्याच्या बायकोने, करुणाबाईंनी भर उपासनेत उभं राहून सांगितलं. साहेब त्याच संध्याकाळी एसटीत बसून गेला, तो गेलाच. करुणाबाई मागे राहिल्या. आणि आमचे लोक असे भले, की ज्या बाईवर अन्याय झाला, तिच्याशीच बोलायचं टाकलं. जणू तिनेच आमचा साहेब आमच्याकडून हिरावून घेतला!

मग मंडळी पिसाळली. घरोघरचे फोटो उकिरड्यावर पडले. काहींनी देवळात येणंच सोडलं. म्हणाले, पाळकच खोटा तर बाकीचं कशावरून खरं? आणि ज्यांनी त्याची चप्पल उचलायची तेवढी बाकी ठेवली होती, तेच आता सगळ्यांत मोठ्याने त्याला शिव्या घालू लागले. मास्तरांनी पंचांची सभा घेऊन ठराव केला : घोडकेने ज्यांना ज्यांना बाप्तिस्मा दिला, त्या सगळ्यांनी तो पुन्हा घ्यायचा. त्याच्या हातचं काहीच धरायचं नाही. नवे पाळक शिरसाठ नुकतेच शिकून आलेले, कोवळे. त्यांच्यासमोर एका रविवारी रॉकेलच्या रांगेसारखी रांग लागली. बाया, बापे, कडेवरची पोरं, सगळी पुन्हा भिजली.

माझी आई तेवढी गेली नाही. त्यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली.

“आये, जा ना. दोन थेंब पाणी. काय जातंय तुझं?”

“एकदा भिजलेय मी.”

“त्या लबाडाच्या हातून!”

“हात कुणाचा होता, ते तू बघत बस.”

“लोक म्हणतात, साळूबाई अजून त्याच्याच बाजूची आहे.”

“म्हणू देत. मी काय त्यांच्या तोंडाला झाकण घालायला जाऊ?”

“मग का नाही जात, ते तरी सांग!”

तिने सांगितलं नाही. सुईणपणात जन्म गेला तिचा, लोकांच्या घरातलं पोटात ठेवायची सवय. मी चिडून म्हणाले, मर मग तुझ्या हेक्यापायी. महिन्याभराने दम्याने तिला गाठलं आणि दोन दिवसांत ती गेली. आता ती अशी उन्हात पडलेली, आणि फाटकाला कुलूप.

मी शिरसाठ पाळकांकडे वळले. ते पुस्तक छातीशी धरून बाजूला उभे होते.

“तुम्ही शिकून आलात ना? तुम्ही सांगा. पाळक बिघडला तर पाणी बिघडतं का?”

“तसं… तसं शास्त्रात नाही, ताई.”

“मग त्या दिवशी सगळ्या गावाच्या डोक्यावर पुन्हा पाणी कशाला घातलंत?”

“पंचांनी ठरवलं होतं. मी नवीन आहे. मला वाटलं, लोकांच्या मनाला शांती मिळेल.”

“मिळाली का? बघा कशी शांती नांदतेय!”

ते खाली बघायला लागले. माझा नवरा पहार आणायला निघाला होता. मी त्याचा हात धरला.

“पहार नको. पहारीने उघडलं तर माझी आई चोरून पुरल्यासारखी होईल. हे कुलूप यांनी घातलंय, यांच्याच हाताने निघालं पाहिजे.”

“निघणार नाही,” मास्तर म्हणाले. “शलोमी, तू कितीही गळा काढ. ती बाई शेवटपर्यंत त्या माणसाला चिकटून राहिली. तिला संधी दिली होती आम्ही. तिने त्याला निवडलं.”

“तिने निवडलं? आणि त्याचा फोटो देवाच्या शेजारी कुणी टांगला होता?”

“काढला मी तो! जाळला!”

“हो, आधी पूजा केली, मग जाळला. दोन्ही वेळेला डोळ्यांपुढे तोच होता की! देव कुठे होता त्यात?”

गर्दीत कुणीतरी “शलोमे, वडीलधारं माणूस आहे” असं म्हणालं. पण आता मी ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. सकाळपासून रडू आलं नव्हतं, सगळं जिभेवरच आलं होतं. आणि मला फाटकातून आतली ती लहान कबर दिसली. पांढरा चुना दिलेली, वर फरशीचा तुकडा.

मास्तरांची नात, एस्तेर. तापाने गेली होती, साडेतीन-चार वर्षांची असेल. घोडके असतानाच जन्मली आणि घोडके असतानाच गेली.

“मास्तर,” मी म्हणाले, “एस्तेरच्या डोक्यावर पाणी कुणी घातलं होतं?”

मास्तरांनी मान वळवून फाटकातून आत बघितलं.

“मी विचारतेय, कुणी घातलं होतं? त्यानेच ना? आणि परवाच्या तुमच्या रांगेत ती तर नव्हती. मग तिचाही बाप्तिस्मा धरला जात नाही. तुमचाच नियम आहे. तुमचा नियम खरा असेल तर आधी तिला बाहेर काढा. मी पहार आणून देते. तिला घेऊन चला गायरानात, मग माझ्या आईलाही नेऊ तिच्या शेजारी!”

एका बाईने तोंडावर हात धरला. मास्तरांच्या सुनेने तिथेच खाली बसून गुडघ्यांत डोकं घातलं. मास्तरांनी हातातली काठी उगारली. मला वाटलं, मारतात. मी हलले नाही, मार म्हणून उभी राहिले. पण काठी वरच्या वर राहिली आणि मग त्यांच्या हातातून पडली. फाटकाला पाठ घासत ते खाली मातीत बसले. वर्गात पोरांना छडीने सरळ करणारा माणूस, त्याचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं.

“त्याने सांगितलं होतं गं मला,” ते म्हणाले. “माझा हात धरून सांगितलं होतं. ‘मास्तर, तुमची पोर प्रभूच्या मांडीवर आहे.’ मी त्या शब्दावर जेवलो. त्या शब्दावर रोज झोपलो. आणि तो माणूस त्या दिवशीही इथून उठून तिकडे… त्या कॉलनीत गेला असेल. तो खोटा. त्याचं तोंड खोटं. मग माझी पोर कुठेय? सांग ना, आता कुठे शोधू मी तिला?”

तेव्हा मला कळलं, हा माणूस इतके दिवस कसली भांडणं भांडत होता. रांगा लावल्या, ठराव केले, फोटो जाळले, पण त्या एका पोरीपर्यंत नव्या पाळकाचं पाणी पोचत नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला त्याची दया आली नाही. माझी आई उन्हात होती. माझा राग होता तिथेच होता. पण त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याचाही मला रागच आला.

“मास्तर, मी बोलू का?”

गर्दीच्या मागून आवाज आला. करुणाबाई होत्या. त्या बाजूला विजेच्या खांबापाशी एकट्या उभ्या होत्या. लोकांनी वाट दिली ती मानाने नाही, पदर लागू नये म्हणून दिली. त्या पेटीपाशी आल्या आणि आईच्या पेटीवर हात ठेवून बोलायला लागल्या.

“साळूमावशींचा बाप्तिस्मा होता, त्या सकाळी मी पाण्याचं भांडं घेऊन देवळाच्या मागच्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. आत मावशी आणि माझा नवरा. मावशी म्हणत होत्या, ‘साहेब, कॉलनीतल्या त्या बाईचं बाळंतपण मीच केलं. पोरगं तुमच्याच वळणावर गेलंय.’”

“म्हणजे?” मास्तरांनी मान वर केली. “साळूबाईला ठाऊक होतं? आधीपासून?”

“आधीपासून. मला मात्र तिथे, त्या दाराआड, पहिल्यांदा कळलं. हातातलं भांडं कसं पडलं नाही, देव जाणे.”

माझ्या आईला ठाऊक होतं, आणि तरी ती त्याच्यासमोर जाऊन वाकली होती!

“मग हिने त्याच्याच हातून का घेतलं?” मी ओरडले. “ठाऊक होतं तर का घेतलं?”

“माझ्या नवऱ्यानेही तेच विचारलं,” करुणाबाई म्हणाल्या. “त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाला, ‘मावशी, मग माझ्या हातून घेऊ नका. दुसऱ्या पाळकाला बोलावू. माझे हात…’ मावशींनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, ‘तुमचे हात घाण आहेत ते दिसतंय मला. ते तुमचे तुम्ही धुवा. मी तुमच्याकडे आलेच नाही. तुमच्याकडे यायचं असतं तर कॉलनीतूनच मागे फिरले असते. ज्याच्याकडे आलेय त्याचं नाव घ्या आणि पाणी ओता. आणि घरी जाऊन बायकोला खरं सांगा.’”

बाभळीवर कावळा ओरडत होता.

“त्याने मला सांगितलं नाही,” करुणाबाई म्हणाल्या. “मी पुष्कळ वाट पाहिली. मग एक दिवस मावशीच माझ्या दारात येऊन बसल्या. त्यांना बोलायला जड जात होतं. मीच म्हणाले, ‘मावशी, मला माहितीये.’ त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. पुढच्या रविवारी मी देवळात उभी राहिले, ती त्या हाताच्या जोरावर.”

त्या मास्तरांसमोर जमिनीवर उकिडव्या बसल्या.

“मास्तर, त्याच्यावर चिडायचा हक्क तुमच्यापेक्षा माझा मोठा आहे. माझा संसार मोडलाय. तो माझ्याशी खोटं बोलला, तुमच्याशी खोटं बोलला. त्याला मी माफ केलेलं नाही, करेन असंही वाटत नाही. पण एस्तेरच्या बाप्तिस्म्याला पाण्याचं भांडं मीच धरलं होतं आणि तुम्ही पहिल्या रांगेत होतात. आठवतंय?”

“आठवतंय.”

“त्याने पाणी घातलं तेव्हा नाव कुणाचं घेतलं?”

मास्तरांचे ओठ हलले.

“मोठ्याने सांगा. यांना सगळ्यांना ऐकू द्या.”

“पित्याच्या,” मास्तर म्हणाले. मग थांबले. “पुत्राच्या. आणि पवित्र आत्म्याच्या.”

“त्यात घोडके होता कुठे?”

“नव्हता.”

“मग तो गेला म्हणून तिचं काय गेलं?”

मास्तर हमसून हमसून रडायला लागले. दहा-वीस माणसांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्या नाही आलं. मी पेटीपाशी गेले आणि झाकणावरची धूळ पदराने पुसली. माझ्या आईवरही मी चिडलेच होते. मला सांगायला काय झालं होतं तुला? एवढी भांडलो आपण, एक शब्द बोलली असतीस तर तुझ्याशी अशी वागले असते का? पण तिने ते दुसऱ्या बाईच्या घरातलं होतं म्हणून पोटात ठेवलं, स्वतःचं नाव खराब होऊ दिलं आणि मेली. अशा बाईवर राग धरून तरी कुठे नेऊन ठेवायचा!

मास्तर उठले. खिशातून किल्ली काढली, पण डोळ्यांतल्या पाण्यामुळे ती कुलपात जाईना. दोघेतिघे मदतीला पुढे आले. मी त्यांना अडवलं.

“नाही. त्यांचं ते काढतील.”

त्यांनी काढलं. वेळ लागला, पण काढलं. फाटक उघडून ते बाजूला झाले आणि आम्ही पेटी उचलली तेव्हा एका कोपऱ्याला त्यांनीही खांदा लावला. मी त्यांना नको म्हणाले नाही, या असंही म्हणाले नाही. आत गेल्यावर ते एस्तेरच्या कबरीपाशी थांबले नाहीत, आमच्याबरोबर थेट खड्ड्यापर्यंत आले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मास्तर गेले. करुणाबाई मंडळीच्या शाळेत नोकरीला लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. आमच्या गावात त्यानंतर कुठल्याही पाळकाचा फोटो कुणाच्या भिंतीवर लागला नाही. चांगले पाळक आले, वाईटही आले. आम्ही त्यांचं ऐकतो, आणि पटलं नाही तर तोंडावर सांगतो.

पण त्या दुपारी पेटी खड्ड्यात उतरवली आणि माणसं गोल उभी राहिली. सगळे शिरसाठ पाळकांकडे बघत होते. ते पुस्तक उघडून उभे होते, पण पान पुढे जात नव्हतं. घामाने त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. शेवटी ते हळूच माझ्याजवळ आले.

“ताई,” ते म्हणाले, “मी त्या दिवशी एवढ्या लोकांना पुन्हा पाणी घातलं. चूक आहे हे ठाऊक असून घातलं, पंचांच्या भीतीने. आता माझ्या तोंडून साळूबाईंची माती झालेली… म्हणजे, मी चालेन का तुम्हाला?”

मी त्या खड्ड्याच्या कडेला उभी राहून, गिरणीत ओरडते तशी ओरडले.

“तुमचं कोण विचारतंय इथे? त्याचं नाव घ्या, आणि घाला माती!”